पेटीतला रियाल

अम्मीचा चाळिसावा झाला आणि आम्ही तिघा भावंडांनी तिची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी रुमालात बांधलेलं चांदीचं एक मोठं नाणं होतं. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या घरात त्याला ‘दादांचा रियाल’ म्हणत. दादा म्हणजे आमचे आजोबा, जहाजावरचे खलाशी. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांनी तो एडनहून आणला, एवढंच आम्हाला ठाऊक.

नाण्यावर साल होतं १७८०. धाकटा भाऊ हरखला. ‘‘भाईजान, लाखांत जाईल! विकू आणि हिस्से करू.’’ बहीण गप्प राहिली. शरियतप्रमाणे भावाच्या निम्मा हिस्सा तिचा. पण तिला पैसे नव्हे, नाणं हवं होतं. अम्मीचं शेवटचं सगळं तिनंच केलं होतं.

मी ते मुंबईत एका जुन्या नाणेसंग्राहकाकडे नेलं. ‘‘चिंच-राख लावून उजळलं नाहीत ना? घासलं की किंमत गेली,’’ हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्यांनी वजन केलं : २८ ग्रॅम. भिंगाखाली धरलं. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेली भरदार बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा गरुड. ‘‘ही ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. नाणं थालर. डॉलर हा शब्द या थालरवरूनच आला.’’

मारिया थेरेसा १७८० साली वारली. पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनात आणि हबसाणात, लोकांचा विश्वास याच चेहऱ्यावर बसला होता. कॉफीचा व्यापारी दुसरं नाणं घेईना. म्हणून तिच्या मृत्यूनंतरही तेच साल, तोच चेहरा ठेवून थालर पाडले जात राहिले. १९३५ साली मुसोलिनीनं हबसाणावर स्वारी केली. त्याआधीच ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे साचे इटलीनं मिळवले होते. मग लंडन, पॅरिस आणि ब्रसेल्सच्या टांकसाळींनीही थालर पाडायला घेतले. महायुद्ध पेटल्यावर, १९४० पासून, ते काम आपल्या मुंबईच्या टांकसाळीकडे आलं. तिथं १ कोटी ८० लाखांहून अधिक थालर पडले.

निरनिराळ्या टांकसाळींची नाणी ओळखायची ती बारीक खुणांवरून : बाईच्या खांद्यावरच्या पदकातले मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं. संग्राहकांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तुमचं नाणं बहुधा मुंबईचंच.’’

मी चरकलो. म्हणजे दादांनी खोटं सांगितलं? ते हसले. ‘‘छे हो! मुंबईत पाडलेली नाणी वापरायला तिकडेच जायची. तुमच्या आजोबांच्या खिशातून एक परत आलं, इतकंच.’’

किंमत मात्र साधी निघाली. चांदी शंभरात त्र्याऐंशी टक्के, म्हणजे शुद्ध चांदी २३ ग्रॅमच्या थोडी वर. त्या दिवशीच्या भावानं तिचे पैसे आणि वर हौशी माणूस देईल ते थोडंफार. खरोखर मारिया थेरेसाच्या हयातीतलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

निघताना त्यांनी नाण्याची कड दाखवली. तिथं लॅटिन अक्षरं उठवलेली होती. कुणी चांदी कातरून घेतली तर लगेच कळावं म्हणून. अर्थ विचारला तर म्हणाले, ‘‘न्यायानं आणि दयेनं. हे राणीचं बोधवाक्य.’’

घरी येऊन मी सगळं सांगितलं. लाखांची गोष्ट मिटली तसा धाकट्याचा चेहरा पडला. थोड्या वेळानं त्यानंच नाणं रुमालात बांधलं आणि बहिणीपुढे ठेवलं. तिनं विचारलं, ‘‘माझ्या हिश्शातून किती वळते करायचे?’’

आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. धाकटा उठला आणि पेटी तिच्या खोलीत ठेवून आला.