फ्रोझन शोल्डर: स्टिरॉइडच्या गोळ्यांनी जखडलेला खांदा मोकळा होतो का?

केस विंचरताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अर्ध्यातच अडतो. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. खांद्याच्या या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. त्यावर काही वेळा प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांचा उपयोग किती होतो?

खांदा का जखडतो?

खांद्याच्या सांध्याभोवती एक आवरण असतं. त्याला सूज येते, मग ते जाड होऊन आकसतं. आधी वेदना, नंतर आखडलेपणा आणि शेवटी हळूहळू मोकळीक, असे या आजाराचे तीन टप्पे असतात. बरं व्हायला अनेकदा एक ते तीन वर्षं लागतात. 40 ते 60 या वयात, महिलांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो.

गोळ्यांनी काय होतं?

स्टिरॉइडमुळे सूज कमी होते, म्हणून सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात आराम पडू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या 50 रुग्णांवरचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला तीन आठवडे रोज 30 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, तर दुसऱ्याला औषध नसलेल्या तशाच गोळ्या दिल्या होत्या. तीन आठवड्यांनी स्टिरॉइड घेणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं आणि हातही जास्त हलत होता. पण हा फायदा सहा आठवड्यांपलीकडे टिकला नाही.

म्हणजे गोळ्यांनी काही आठवड्यांचा आराम मिळू शकतो, आजार मुळातून जात नाही.

धोका कोणाला?

स्टिरॉइडमुळे रक्तातली साखर वाढते आणि हा आजार मधुमेहींनाच जास्त होतो. रक्तदाब वाढणं, पित्त, झोप उडणं हेही त्रास होऊ शकतात. त्यामुळे जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्यांना गुण आला म्हणून मेडिकलमधून या गोळ्या आणू नका. काही आठवडे घेतलेल्या गोळ्या मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं आहे. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात.

मग पर्याय काय?

वेदनाशामक औषधं, फिजिओथेरपी आणि सांध्यात दिलं जाणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन हे नेहमीचे उपचार आहेत. इंजेक्शननंतरही काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आराम कशानेही पडो, त्या काळात सांगितलेले व्यायाम चुकवू नका.