दिनविशेष : २ मे – तलवारीकडून तहाकडे

सर जॉन माल्कमचा जन्म १७६९ साली आजच्याच दिवशी स्कॉटलंडमध्ये झाला. तेराव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत शिरला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, त्यात तो आघाडीवर होता. पुढच्याच हिवाळ्यात धार आणि देवासच्या पवारांनी कंपनीशी तह केले. देवासला गाद्या दोन, थोरली आणि धाकटी. तह मात्र एकच! शरण आलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याला माल्कमने वर्षाला आठ लाखांची नेमणूक कबूल केली. वरिष्ठांना ती डोईजड वाटली. मुंबईचा गव्हर्नर असताना (१८२७-३०) त्याने महाबळेश्वर वसवले, तिथल्या पेठेला नावही ‘माल्कम पेठ’ पडले. मायदेशी खासदार होऊन त्याने मताधिकार वाढवणाऱ्या विधेयकाला विरोध केला. ३० मे १८३३ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.