सार्वजनिक संस्थांमधील आप्रवासन अंमलबजावणीवरील मर्यादा

शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे इत्यादी ठिकाणी परकीय नागरिकांची तपासणी, अटक अथवा त्यांची माहिती शासनाला कळवण्याची सक्ती यांवर घातलेल्या निर्बंधांना सार्वजनिक संस्थांमधील आप्रवासन अंमलबजावणीवरील मर्यादा असे म्हणतात. अटकेच्या भीतीने कोणी उपचार किंवा शिक्षण टाळू नये, हा त्यांमागील हेतू असतो.

अन्य देश

अमेरिकेने २०११ मध्ये अशा 'संवेदनशील स्थळां'वरील कारवाई मर्यादित केली. २०२१ मध्ये हे संरक्षण विस्तारण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. जर्मनीने २०११ मध्ये शाळांना परकीयांची माहिती कळवण्याच्या बंधनातून वगळले.

भारत

भारतात असे संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा नाही. उलट, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियमानुसार परकीय व्यक्तीला प्रवेश देणाऱ्या शिक्षणसंस्थांनी आणि तिला दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांनी नोंदणी अधिकाऱ्याला माहिती देणे बंधनकारक आहे.

मात्र माहिती देण्याचे बंधन म्हणजे सेवा नाकारण्याची मुभा नव्हे. तातडीच्या रुग्णावर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (१९८९) दिला. राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे चकमा निर्वासितांच्या खटल्यात (१९९६) स्पष्ट झाले. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या 'प्रत्येक बालका'विषयी बोलतो. दिल्लीतील रोहिंग्या मुलांनी प्रथम शाळांकडे अर्ज करावा व प्रवेश नाकारल्यास उच्च न्यायालयात जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले.

वर्धा जिल्हा

वर्ध्यातील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी शिकतात, तर सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. माहिती देण्याचे वरील बंधन या संस्थांनाही लागू आहे.

संस्थेच्या आवारातील कारवाईचे एक जुने उदाहरण याच जिल्ह्यात आढळते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरल्यानंतर सेवाग्राम आश्रमात राहणाऱ्या एका जपानी बौद्ध भिक्षूला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याचा मंत्र मात्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायम राहिला.