ह्यूजचें अप्रकाशित संशोधन आणि निकटक्षेत्राचा प्रश्न

ता. २० फेब्रुवारी १८८० रोजीं लंडन येथें डेव्हिड एडवर्ड ह्यूज याचे प्रयोग पाहण्यास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष स्पॉटिसवुड आणि चिटणीस हक्सले व स्टोक्स हे आले होते. अक्षरें छापणारें तारयंत्र व मायक्रोफोन यांचा कर्ता म्हणून ह्यूज त्या वेळीं विख्यात होता. एके ठिकाणीं विजेची ठिणगी पडली असतां, मध्यें तारेचा संबंध नसूनही दूरच्या टेलिफोनांत आवाज उमटतो, असें त्यास १८७९ सालीं आढळलें. टेलिफोन कानास लावून तो ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटनें सुमारें ५०० यार्डांपर्यंत आवाज ऐकत गेला होता. परंतु हा केवळ विद्युत्प्रवर्तनाचा परिणाम होय, असा स्टोक्सचा अभिप्राय पडला. खिन्न होऊन ह्यूजनें तें संशोधन प्रसिद्ध केलें नाहीं. १८९९ सालीं फाही यास लिहिलेल्या पत्रानें तें लोकांस कळलें.

वादाचें मर्म समजण्यास क्षेत्राचे दोन भाग ध्यानांत घेतले पाहिजेत. लहान उगमापासून तरंगलांबीच्या सुमारें एक षष्ठांशाच्या आंत निकटक्षेत्राचा अंमल असतो. तेथें तारेच्या लहान वेटोळ्याचें चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. अंतर दहापट झालें कीं तें हजारांशावर येतें. त्यापलीकडे लाटांचें राज्य असून घट केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणांत होते.

हा भेद प्रयोगानें उघड करण्याचें श्रेय हाइनरिख हर्ट्झकडे जातें. कार्ल्सरूहे येथें १८८६ ते १८८८ या काळांत त्यानें फट ठेवलेलें तारेचें कडें वापरलें. एका कड्याची त्रिज्या ३५ सेंटिमीटर होती. कडें फिरवून व अंतर बदलून फटींतील ठिणगी तो पाही. जस्ताच्या पत्र्यावरून परतणाऱ्या लाटांमुळें ठिणगी कोठें वाढते, कोठें मावळते, हें त्यानें मोजलें.

आज विद्युत्मंडलें तपासण्यास वापरतात तो चुंबकीय प्रोब या कड्याचाच वंशज म्हणतां येईल. त्याच्या लहान वेटोळ्यावर धातूचें आवरण असून आवरणास फट असते. त्यायोगें विद्युत्क्षेत्राचा प्रभाव बहुतांशीं टळतो व बदलत्या चुंबकीय क्षेत्रानें वेटोळ्यांत दाब उपजतो. तो वेटोळ्याच्या क्षेत्रफळाबरोबर व वारंवारतेबरोबर वाढतो. लहान वेटोळें उपद्रवाची जागा नेमकी दाखवतें, मोठें वेटोळें क्षीण संकेत पकडतें. मात्र जवळच्या या वाचनावरून दूर किती प्रारण पोंचेल तें थेट ठरत नाहीं.

याच कसोटीस स्टोक्सचा निर्णय लावून पाहावा. घनाच्या प्रमाणांत मावळणारें प्रवर्तन ५०० यार्डांवर ऐकूं यावें, हें संभवनीय दिसत नाहीं; तेव्हां ह्यूजनें लाटाच ऐकल्या असाव्यात. पण त्यानें तरंगलांबी मोजली नाहीं. कांहीं घरांपाशीं आवाज स्पष्ट, कांहीं ठिकाणीं मंद येई, असें १८९९ च्या पत्रांत आहे खरें. परंतु त्याचा उलगडा तेथें हर्ट्झच्या शोधाच्या आधारेंच केलेला आहे. एकोणीस वर्षांनंतरची ही हकीकत बखरीच्या तोलाची समजावी. अस्सल कागदाचा मान समकालीन टिपणवह्यांस द्यावा. त्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. सबब, निरीक्षणाचें अग्रत्व ह्यूजचें व सिद्धतेचें हर्ट्झचें, असा निवाडा करणें न्याय्य होय. ह्यूजच्या वह्या रद्दींत गेल्या असत्या, तर त्याच्या बाजूस वृद्धपणींच्या आठवणीखेरीज फारसें कांहीं उरलें नसतें.