कोळंबीचं टरफल आणि नखाची बुरशी

नखाच्या बुरशीवर लावायची सायक्लोपिरॉक्स या औषधाची काही लॅकर मिळतात. त्यातल्या एका प्रकारच्या लॅकरच्या घटकांत 'हायड्रॉक्सीप्रोपिल कायटोसॅन' असं लांबलचक नाव वाचायला मिळतं. हा पदार्थ मूळचा कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांचा. तो औषधाच्या बाटलीत कसा आला, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी सुरू होते आणि गंमत म्हणजे ती सुरू होते बुरशीपासूनच.

१८११ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीच्या आंरी ब्राकोनो या शास्त्रज्ञाने अळंबीतून एक न विरघळणारा पदार्थ वेगळा काढला. १८२३ मध्ये ओदिए या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाला तसाच पदार्थ भुंग्यांच्या पंखांवरच्या कठीण कवचात सापडला. त्याने 'वस्त्र' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'कायटिन' असं नाव दिलं. म्हणजे अळंबी, भुंगा आणि कोळंबी, तिघांचा अंगरखा एकाच धाग्याचा! साखरेचे हजारो रेणू माळेसारखे जोडले की हा धागा होतो. अशा माळेला पॉलिमर म्हणतात.

१८५९ मध्ये रूजे यांनी कायटिन तीव्र कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळलं. जे कशातच विरघळत नव्हतं ते आता सौम्य आम्लात विरघळू लागलं. १८९४ मध्ये होप-झायलर यांनी या बदललेल्या कायटिनला 'कायटोसॅन' म्हटलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ते बुरशीनाशक असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ते आलं वाटाण्यामुळे. अमेरिकेतले ली हॅडविगर वाटाण्याच्या झाडाची आणि फ्युसेरियम बुरशीची झुंज अभ्यासत होते. १९७९ मध्ये अ‍ॅलन आणि हॅडविगर यांनी वेगवेगळ्या बुरशींवर कायटोसॅन वापरून पाहिलं. अनेकींची वाढ थांबली. ज्यांच्या स्वतःच्या भिंतीतच कायटोसॅन असतं, त्या मात्र फारशा बधल्या नाहीत. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात ज्या 'काळ्या बुरशी'ने लोकांचे डोळे आणि जबडे घेतले, ती म्युकर याच गटातली. त्यामुळे कायटोसॅन सगळ्याच बुरशींवर चालतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ते काम कसं करतं? आम्लात कायटोसॅनच्या माळेवर धन विद्युतभार येतो. बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणावर ऋण भार असतो. माळ तिथे चिकटते, आवरण गळकं होतं, आतले क्षार आणि इतर पदार्थ बाहेर झिरपतात आणि वाढ खुंटते. पण हा भार टिकायला आजूबाजूला आम्लता लागते. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, रक्त नसतं. रक्तासारख्या ठिकाणी साधं कायटोसॅन लुळं पडतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार केले. ट्रायमिथाइल कायटोसॅनवरचा भार आम्ल नसतानाही टिकतो. हायड्रॉक्सीप्रोपिल कायटोसॅन पाण्यात विरघळतं आणि नखावर पातळ थर धरतं. त्या लॅकरमध्ये बुरशी मारण्याचं मुख्य काम सायक्लोपिरॉक्सचं, कायटोसॅन त्याला नखाला चिकटवून ठेवतं. आमच्या क्षेत्रात वाहकाला फार कमी श्रेय मिळतं, हे जाता जाता सांगतो.

शेतीत त्याचा मान जास्त आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसॅन हायड्रोक्लोराइडला पिकांच्या संरक्षणासाठी मान्यता दिली.

आता नेहमीचा प्रश्न: "डॉक्टर, वजन कमी करायच्या कायटोसॅनच्या कॅप्सूल घेतल्या तर गजकर्ण जाईल का?" नाही. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, मग जांघेतल्या गजकर्णापर्यंत पोहोचणार कसं? गजकर्णाला बुरशीविरोधी औषध पूर्ण मुदतीपर्यंत लागतं आणि दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर अजिबात नको. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर कायटोसॅन असलेलं काहीही वापरण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि लॅकर लावत असाल तर घाई नको. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.