सरहद्द, माळ आणि रानजनावराची शिकार

अमेरिकन कादंबरीत ‘बफेलो’ या नावाने वावरणारे जनावर म्हैस नव्हे. प्राणिशास्त्रदृष्ट्या ते बायसन होय. उलट भारतातील इंग्रज शिकाऱ्यांनी सह्याद्रीतील गव्याला ‘बायसन’ म्हटले, आणि १९५८ साली अभयारण्य झालेले दाजीपूरचे जंगल त्याच चुकीच्या नावाने पुढे ओळखले गेले. वस्तुतः गवा बायसनही नव्हे व रानम्हैसही नव्हे. नवागत मनुष्य अपरिचित जनावराला आपल्या परिचयातील शब्द देतो, एवढाच या घोटाळ्याचा अर्थ. परंतु जनावरापुरते जे घडते, तेच भूमीच्या बाबतीतही घडते. आणि तेथे त्याचे परिणाम अधिक गंभीर होतात.

स्टीफन लाँग यांच्या १८२० च्या मोहिमेनंतर मिसिसिपीपलीकडील विस्तीर्ण गवताळ प्रदेश नकाशावर ‘वाळवंट’ म्हणून नोंदला गेला. तेथे कोट्यवधी बायसन चरत होते व त्यांवर उपजीविका करणाऱ्या अनेक जमाती नांदत होत्या. तथापि शब्दाने तो प्रदेश रिकामा ठरविला. १८७१ च्या सुमारास या कातड्यापासून कारखान्यांना उपयुक्त चामडे बनविण्याची रीत साधली, आणि १८७२ मध्ये लोहमार्ग डॉज सिटीपर्यंत पोहोचला. त्यानंतर अवघ्या बारा-पंधरा वर्षांत अफाट कळप नष्ट होऊन सुमारे एक हजार जनावरे उरली. ज्यांचा आहार, वस्त्र व निवारा या जनावरावर अवलंबून होता, त्यांचे स्वातंत्र्यही त्याबरोबर संपले.

या घटनेचे कादंबरीतील रूप कालानुसार पालटत गेले. फेनिमोर कूपर यांच्या ‘द प्रेअरी’ (१८२७) मध्ये उधळलेला कळप हे निसर्गाच्या अपार सामर्थ्याचे चिन्ह आहे. झेन ग्रे यांच्या ‘द थंडरिंग हर्ड’ (१९२५) मध्ये शिकार हे साहस असले, तरी त्यात पश्चात्तापाचा सूर मिसळलेला आहे. जॉन विल्यम्स यांच्या ‘बुचर्स क्रॉसिंग’ (१९६०) मध्ये मात्र साहसाचा आधारच नाहीसा होतो. निसर्गात स्वतःचा शोध घ्यावयास निघालेला तरुण कत्तलीत सामील होतो. हिमवर्षावात अडकून शिकारी परततात, तेव्हा कातड्यांचा बाजार कोसळलेला असतो. ज्या बाजारासाठी संहार केला, त्याला त्या संहाराची गरजच उरलेली नसते. आत्मशोध, पौरुष आणि व्यापार हे तीन विषय येथे एकमेकांचे खरे स्वरूप उघड करतात.

मराठीतही माळाची कादंबरी आहे. तिच्यात मात्र अशी शिकार नाही. सोलापूरलगतच्या माणदेशावरील व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने उद्बोधक ठरते. तेथील माळ जिंकावयाची सरहद्द नसून मेंढरांचे चराऊ रान आहे. बाहेरून येणारा पुरुष हाती बंदूक घेऊन येत नाही, तो शाळामास्तर म्हणून येतो. आणि अखेरीस वाडी ओस पडते ती दुष्काळाने. अमेरिकन कादंबरीत भूमी आरंभी रिकामी मानली जाते व मग खरोखर रिकामी केली जाते. मराठी कादंबरीत भरलेली भूमी रिकामी होताना पाहावी लागते. याच माडगूळकरांनी पुढे ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्यांनाच कथेच्या केंद्रस्थानी आणले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध घातले होते. या कादंबरीत तर शिकाऱ्याची दृष्टीच मागे पडलेली दिसते. सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली २००६ साली येथेच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही घटना याच प्रवाहाची सार्वजनिक मान्यता होय.

तरीही शब्दांचा प्रश्न मिटलेला नाही. १९७९ मध्ये नान्नज परिसरात ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य स्थापन झाले, त्या माळढोकाच्या नावातच ‘माळ’ आहे. व्यवहारात मात्र त्याच माळाला ‘पडीक’ म्हटले जाते. ‘माळ’ म्हणताच गवत, मेंढरू, काळवीट व पक्षी डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘पडीक’ म्हणताच केवळ उणीव दिसते. ‘वाळवंट’ या एका शब्दाने काय साधले, हे बायसनाच्या इतिहासाने दाखविले आहे. म्हणून आपल्या माळाला कोणत्या नावाने संबोधावे, हा केवळ कोशकारांचा प्रश्न राहत नाही.