विधवेचा आठवा वाटा : इस्लामची ओळख

आज आपण इस्लाम धर्माची ओळख करून घेऊ. ज्या जणी मुसलमान घरातल्या आहेत त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. बाकीच्यांनी गावातल्या पीराचा उरूस पाहिलाय, मोहरमचे ताबूत पाहिलेत, ईदचा शीरखुर्मा चाखलाय. पण हा धर्म सुरू कसा झाला, तो काय सांगतो आणि त्यात बाईच्या पदरात काय पडलं, हे सहसा कुणी सांगत नाही. तेच आज बोलू या.

गोष्ट आहे चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातली. मक्का हे वाळवंटातलं व्यापारी शहर. उंटांच्या तांड्यांवरून माल यायचा-जायचा. समाज टोळ्यांचा होता आणि जोर असेल त्याचं राज्य होतं. काही टोळ्यांत मुलगी जन्मली की तिला जिवंत पुरत. नवरा मेला की त्याच्या मालमत्तेबरोबर त्याच्या विधवेवरही नातेवाईक हक्क सांगत.

अशा मक्केत इ.स. 570च्या सुमारास महंमद पैगंबरांचा जन्म झाला. जन्माआधीच वडील गेले होते. सहा वर्षांचे असताना आई आमिना गेली. आजोबा आणि मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं. पोरकेपण त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे कुराणात अनाथांचा माल खाऊ नका, असं पुन्हा पुन्हा बजावलेलं दिसतं.

मक्केत खदिजा नावाची एक विधवा होती. तिचा स्वतःचा व्यापार होता. माल घेऊन जायला ती माणसं नेमायची. महंमदांचा सचोटीचा कारभार पाहून तिनेच लग्नाची बोलणी सुरू केली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि ती त्यांच्याहून मोठी होती. इ.स. 610मध्ये हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, तेव्हा ते थरथरत घरी आले. बीबी खदिजांनी त्यांना पांघरूण घातलं, धीर दिला आणि त्यांच्या शब्दावर सगळ्यांत आधी विश्वास ठेवला. म्हणजे इस्लामवर पहिली श्रद्धा ठेवली ती एका बाईने. या धर्मासाठी पहिला जीव दिला असं परंपरा सांगते, तीही सुमय्या नावाची एक गरीब बाईच होती.

देव एकच आहे आणि त्याच्यापुढे सगळे सारखे, ही शिकवण मक्केतल्या बड्या लोकांना रुचली नाही. छळ वाढला. 622मध्ये पैगंबर आणि त्यांचे सोबती मदिनेला गेले. त्याला हिजरत म्हणतात आणि हिजरी सन तिथूनच मोजतात. हे वर्ष चंद्रावर चालतं, साधारण 354 दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून मेळ बसवतात, हिजरीत तसं करत नाहीत. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत. पैगंबर 632मध्ये मदिनेत वारले.

इस्लामचे पाच आधार आहेत. एकाच अल्लाहवर आणि पैगंबरांवर श्रद्धा, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. यातली जकात आपल्या बचत गटातल्या बायांना लगेच समजेल. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग गरिबांना द्यायचा. जकात बसत असेल तर दहा हजारांमागे अडीचशे रुपये. ही मेहेरबानी नाही, तो गरिबाचा हक्क मानला आहे. आणि व्याज घेणं निषिद्ध आहे.

आता मुख्य गोष्ट. 625मध्ये उहुदच्या लढाईत सत्तरच्या आसपास मुसलमान पुरुष मारले गेले. मदिनेत घरोघर विधवा आणि पोरक्या मुली. हदीसमध्ये एक हकिकत येते. साद नावाच्या सोबत्याची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. म्हणाली, यांचे वडील लढाईत गेले आणि चुलत्याने सगळा माल ताब्यात घेतला. त्यानंतर वारशाची आयत उतरली आणि पैगंबरांनी चुलत्याला बोलावून वाटणी करायला लावली. मालाचे चोवीस वाटे केले असं धरा. सोळा वाटे दोन मुलींना, तीन वाटे विधवेला, म्हणजे आठवा हिस्सा, आणि उरलेले पाच चुलत्याला.

ही आयत कुराणाच्या चौथ्या अध्यायात आहे. त्या अध्यायाचं नावच ‘अन-निसा’, म्हणजे स्त्रिया. आई, बायको, मुलगी, बहीण, प्रत्येकीचा वाटा ठरला. लग्नात ठरलेला मेहर हा बायकोचा, तिच्या बापाचा किंवा नवऱ्याचा नव्हे. मात्र भाऊ असेल तर मुलीला त्याच्या निम्मा वाटा. घर चालवण्याची जबाबदारी पुरुषावर आहे, असं त्याचं कारण देतात. आज स्वतः कमावून घर चालवणाऱ्या बायका यावर प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

पण कागदावरचा वाटा हातात पडला का? अरब व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम कोकण किनाऱ्यावर फार लवकर आला. दहाव्या शतकात चौल बंदरात मुसलमानांची मोठी वस्ती होती. तरी 1847मध्ये मुंबईत खोजा समाजातल्या मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला, तेव्हा कोर्टाने सांगितलं, तुमच्या समाजाची रूढी मुलीला वाटा देत नाही आणि रूढीच चालेल. धर्मग्रंथ हरला, रूढी जिंकली. 1937मध्ये शरियत कायदा झाला आणि रूढी बाजूला सारली. पण त्या कायद्यातून शेतजमीन वगळली होती. म्हणजे खेड्यातल्या बाईला ज्याचा उपयोग, नेमकं तेच.

तलाकचंही तसंच. कुराणात आधी दोन्ही घरच्या मध्यस्थांनी समेट करावा, असं सांगितलं आहे. तरी एका दमात तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढण्याची रीत पडली. 18 एप्रिल 1966 रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. बायका सातच होत्या, पण मागणी स्पष्ट होती. एका दमातला तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला तो 2017मध्ये, म्हणजे एकावन्न वर्षांनी.

मैत्रिणींनो, हे फक्त मुसलमान घरातलं नाही. हिंदू मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात 1994मध्ये आणि देशभर 2005मध्ये मिळाला. तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि माहेर तुटेल या भीतीने आपण अंगठा उठवतो. त्या कागदापुढे सलमाही गप्प असते आणि सुमनही.

सादच्या विधवेचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण ती घरात रडत बसली नाही. मुलींचा हात धरून ती विचारायला गेली, म्हणून वाटणी झाली. या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते मोजा. आणि कुणापुढे हक्कसोडपत्र आलं असेल, तर सही करण्याआधी तिने तो कागद गटात मोठ्याने वाचून घ्यावा.